लोकसेवेतील सुरक्षितता : कामगाराची दक्षता आणि संस्थेची व्यवस्था

इंदूरसारख्या शहरात राहणाऱ्या माणसाचा दिवस तीन सेवांच्या आधारावर सुरू होतो. नळाला पाणी येते, बटण दाबताच दिवा लागतो आणि घरातील सांडपाणी डोळ्यांआड वाहून जाते. या गोष्टी आपल्या इतक्या अंगवळणी पडल्या आहेत की, त्यांच्यामागे माणसे राबत आहेत याचा आपणांस सहसा विसर पडतो. शहराचे पाणी मुख्यतः नर्मदेचे. ते मंडलेश्वरजवळच्या जलूद येथून सुमारे सत्तर किलोमीटर अंतर कापून आणि घाट चढवून, चारशे मीटरांहून अधिक उंचीवर आणावे लागते. हे काम करणारे पंप विजेवर चालतात. आणि ती वीज सुरळीत राहावी म्हणून कोणी तरी भर पावसात खांबावर चढलेला असतो. पोलो ग्राउंडवर मुख्यालय असलेली पश्चिम क्षेत्र विद्युत वितरण कंपनी इंदूर आणि उज्जैन या दोन विभागांतील पंधरा जिल्ह्यांना वीज पुरवते. एवढ्या विस्तृत प्रदेशात दररोज किती वेळा, किती माणसे अकरा हजार व्होल्टच्या तारेला हात लावीत असतील याची कल्पना केली, तर आजच्या विषयाचे महत्त्व वेगळे सांगावयास नको.

अशा कामात अपघात झाला की दुसऱ्या दिवशीच्या बातमीत बहुधा एक ठरीव वाक्य असते : काम करताना तारेचा धक्का बसून कर्मचाऱ्याचा मृत्यू. पुढे चौकशी होते, आणि कर्मचाऱ्याने हातमोजे घातले नव्हते, पट्टा बांधला नव्हता किंवा वीज बंद असल्याची खात्री करून घेतली नव्हती, असा निष्कर्ष निघतो. हा निष्कर्ष पुष्कळदा वस्तुस्थितीस धरूनही असतो. परंतु तेथेच थांबले तर खरा प्रश्न विचारावयाचा राहून जातो. हातमोजे घातले नव्हते हे खरे. पण ते त्याला मिळाले होते काय? मिळाले असल्यास त्यांची तपासणी शेवटची केव्हा झाली होती? वीज बंद आहे असे त्याला कोणी सांगितले, आणि सांगणाऱ्याला ते कशावरून कळले? या प्रश्नांची उत्तरे खांबावर मिळत नाहीत. ती उपकेंद्रात, भांडारात, कंत्राटाच्या कागदांत आणि शेवटी वरिष्ठांच्या कार्यालयात शोधावी लागतात.

हे स्पष्ट होण्यासाठी एक साधे काम घेऊ. वादळात एखादी फांदी अकरा हजार व्होल्टच्या वाहिनीवर पडली आहे आणि ती काढावयाची आहे. रीतीप्रमाणे काम झाले तर प्रथम उपकेंद्रातील ऑपरेटर त्या वाहिनीचा ब्रेकर आणि नंतर तिचा आयसोलेटर उघडतो. तेथे कुलूप घालतो आणि ‘माणसे काम करीत आहेत’ असा फलक लावतो. मग तो काम करणाऱ्या टोळीच्या प्रमुखास परमिट देतो. परमिट म्हणजे एक लेखी अभिवचन होय : ही वाहिनी बंद करून तुमच्या स्वाधीन केली आहे, आणि तुम्ही परमिट परत केल्यावाचून ती पुन्हा सुरू केली जाणार नाही. एवढ्यावरही विसंबून चालत नाही. कामाच्या जागी उपकरणाने तपासून तार खरोखरच मृत असल्याची खात्री करावयाची आणि काम चालू असलेल्या जागेच्या दोन्ही बाजूंस तारा एकमेकींशी जोडून त्या जमिनीशी जोडावयाच्या. यालाच अर्थिंग म्हणतात. त्यानंतरच माणूस वर चढतो. काम संपल्यावर आधी माणसे मोजावयाची, मग अर्थिंग काढावयाचे आणि मग परमिट परत करावयाचे.

या अर्थिंगचे प्रयोजन समजून घेण्यासारखे आहे. उपकेंद्रातून वीज बंद केली म्हणजे तार निर्जीव झाली असे आपण समजतो. पण एखाद्या दुकानात किंवा कारखान्यात जनित्र सुरू झाले आणि त्याचा संबंध बाहेरच्या वाहिनीपासून नीट तोडलेला नसेल, तर ती वीज उलट दिशेने रस्त्यावरच्या ट्रान्सफॉर्मरमध्ये शिरते. जो ट्रान्सफॉर्मर अकरा हजार व्होल्टचा दाब उतरवून घरगुती वापराजोगा करतो, तोच आता घरगुती दाब चढवून अकरा हजारांच्या आसपास नेतो. उपकेंद्रातील ब्रेकर उघडा असतो, परमिट खिशात असते, आणि तरीही तार जिवंत होते. शेजारून जाणाऱ्या दुसऱ्या जिवंत वाहिनीमुळेही बंद तारेत दाब उत्पन्न होऊ शकतो. अर्थिंग केलेले असेल तर असा प्रवाह जमिनीकडे जातो आणि माणूस वाचण्याची शक्यता पुष्कळ वाढते. ते केलेले नसेल तर माणसाचे शरीर हाच जमिनीकडे जाणारा मार्ग ठरतो.

आता या क्रमातील प्रत्येक पायरी कोणावर अवलंबून आहे ते पाहा. उपकेंद्रातील वाहिन्यांचा नकाशा अद्ययावत नसेल, तर ऑपरेटर प्रामाणिकपणे चुकीची वाहिनी बंद करील. एका ऑपरेटरवर दोन उपकेंद्रांचा भार असेल, तर परमिट कागदावर न जाता दूरध्वनीवरून दिले जाईल. टोळीत चार माणसांऐवजी दोनच असतील, तर एक वर चढेल आणि दुसरा शिडी धरील. अर्थिंग करावयास तिसरा हात उरणार नाही. अर्थिंगची साखळी भांडारात एकच असेल आणि ती दुसऱ्या टोळीकडे गेली असेल, तर काम थांबेल किंवा तसेच उरकले जाईल. ते थांबेल की उरकले जाईल, हे त्या क्षणी लाइनमनच्या स्वभावावर ठरत नाही. काम थांबविणाऱ्यास कार्यालयात शाबासकी मिळते की बोलणी खावी लागतात, या पूर्वानुभवावर ते ठरते.

अपघाताकडे पाहण्याची ही दृष्टी जगात एकाएकी आलेली नाही. १९३१ साली हाइनरिख या अमेरिकन विमातज्ज्ञाने औद्योगिक अपघातांवर एक ग्रंथ प्रसिद्ध केला आणि शंभरांपैकी अठ्ठ्याऐंशी अपघात माणसाच्या असुरक्षित वर्तनाने होतात, असा निष्कर्ष मांडला. हा आकडा पुढे अनेक दशके कारखानदारांच्या तोंडी राहिला. परंतु तो ज्या अहवालांवरून काढलेला होता, ते बहुतांशी मुकादम आणि पर्यवेक्षक यांच्याकडून आलेले होते, हे फार थोड्यांनी लक्षात घेतले. ज्याच्या व्यवस्थेत अपघात घडला त्यानेच कारण लिहावयाचे असेल, तर ते कारण कामगाराच्या नावे लिहिले जावे यात नवल नाही.

हा समज ढळला तो विसाव्या शतकाच्या अखेरीस घडलेल्या मोठ्या दुर्घटनांनी. त्यांतील सर्वांत भीषण दुर्घटना आपल्याच प्रदेशातील. २ डिसेंबर १९८४ च्या रात्री भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्यातून विषारी वायू सुटला. त्या रात्री टाकी थंड ठेवणारी यंत्रणा बंद होती, वायू जाळून टाकणारा मनोरा दुरुस्तीसाठी तोडलेला होता आणि देखभालीची माणसे आधीच कमी केलेली होती. यांतील एकही निर्णय रात्रपाळीच्या कामगाराने घेतलेला नव्हता.

दुसरे उदाहरण चेर्नोबिल येथील अणुवीज केंद्राचे. तेथे २५ एप्रिल १९८६ रोजी दिवसा एक चाचणी व्हावयाची होती. दुपारी दोन वाजता कीव्ह येथील वीजवाटप नियंत्रकाने, शहराला वीज हवी म्हणून, केंद्राची शक्ती आणखी कमी करू नये असे सांगितले. हा आदेश रात्री अकरा वाजून गेल्यावर उठला. तोपर्यंत तयारीत असलेली दिवसपाळी निघून गेली होती, आणि जी चाचणी तिने करावयाची ती मध्यरात्री कामावर आलेल्या माणसांच्या पदरी पडली. पहाटे १ वाजून २३ मिनिटांनी स्फोट झाला. अणुभट्टीच्या रचनेतील घातक दोष काही तज्ज्ञांना पूर्वीच ठाऊक होते. ते चालवणाऱ्यांना नीट कळवलेले नव्हते. या दुर्घटनेच्या परीक्षणातून आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या तज्ज्ञांनी ‘सुरक्षेची संस्कृती’ हा शब्द रूढ केला. पुढे जेम्स रीझन या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने ही कल्पना अधिक स्पष्ट केली. अपघाताच्या क्षणी घडणारी चूक ही शेवटची कडी असते. वरच्या पातळीवर घेतलेल्या निर्णयांतील दोष व्यवस्थेत दीर्घकाळ सुप्त पडून असतात आणि अनुकूल क्षण येताच एकत्र येतात, असे त्याचे प्रतिपादन आहे.

संस्था जितकी मोठी आणि विभागलेली, तितके असे दोष दोन विभागांच्या सीमेवर दबा धरून बसतात. आपल्या जवळच्याच देवास जिल्ह्यात, नर्मदाकाठी धाराजी येथे, ७ एप्रिल २००५ रोजी भूतडी अमावास्येच्या यात्रेसाठी हजारो लोक जमले होते. नदीत स्नान करीत असताना वरच्या इंदिरासागर धरणातून सोडलेले पाणी अकस्मात चढले आणि साठांहून अधिक माणसे वाहून गेली. यात्रा दरवर्षीची होती, आणि पाणी सोडणे हेही वीज केंद्राचे नित्याचे काम होते. एका कार्यालयाची माहिती दुसऱ्या कार्यालयापर्यंत वेळेवर आणि परिणामकारक रीतीने पोहोचणे, एवढीच गोष्ट तेथे घडली नाही. मृत्यू पावलेले लोक कामगार नव्हते, यात्रेकरू होते. पण कारण तेच होते.

उत्तराखंडातील चमोली येथे १९ जुलै २०२३ रोजी अलकनंदेच्या काठच्या सांडपाणी शुद्धीकरण केंद्रात असेच घडले. केंद्रातील एक कर्मचारी सकाळी मृत आढळला. पंचनाम्यासाठी पोलीस आणि गावकरी जमले. तेवढ्यात बंद झालेला वीजपुरवठा पुन्हा सुरू झाला, लोखंडी कठड्यात प्रवाह उतरला आणि एकूण सोळा जणांचा मृत्यू झाला. वीज पुरवणारी संस्था एक, केंद्राची मालक संस्था दुसरी आणि ते चालवणारा ठेकेदार तिसरा. पहिल्या मृत्यूचा अर्थ काय, आणि तो उमगेपर्यंत वीज बंदच ठेवण्याचा अधिकार कोणाचा, हे कोणासही स्पष्ट नसले म्हणजे काय होते, याचे हे दुःखद उदाहरण आहे.

ठेकेदारीचा प्रश्न येथे टाळता येत नाही. २००५ साली मध्यप्रदेश विद्युत मंडळाच्या जागी निर्मिती, पारेषण आणि वितरण यांच्या स्वतंत्र कंपन्या काम करू लागल्या, आणि अशीच विभागणी देशातील बहुतेक राज्यांत झाली. त्याचबरोबर देखभालीचे पुष्कळसे काम बाह्य संस्थांकडून आलेल्या कर्मचाऱ्यांच्या हाती गेले. या विभागणीचे आर्थिक गुणदोष हा वेगळा विषय आहे. सुरक्षेच्या दृष्टीने एवढेच सांगावयाचे की, काम करणारा, त्याला पगार देणारा आणि त्याला हुकूम देणारा हे तिघे तीन संस्थांचे असले म्हणजे प्रशिक्षण कोणी द्यावयाचे याचे उत्तर धूसर होते. शिवाय, उद्या कामावर ठेवतील की नाही याची ज्याला शाश्वती नाही, तो ‘हे काम धोक्याचे आहे, मी करणार नाही’ असे म्हणण्यास सहसा धजत नाही. १ नोव्हेंबर २०१७ रोजी रायबरेली जिल्ह्यातील ऊंचाहार औष्णिक केंद्रात बॉयलरची दुर्घटना होऊन चाळीसांहून अधिक माणसे दगावली. त्यांत कंत्राटी कामगारांची संख्या मोठी होती. भट्टीच्या तळाशी राख साचली होती, आणि तरीही तो पाचशे मेगावॉटचा संच पूर्णपणे बंद करण्यात आलेला नव्हता. संच बंद करणे हा खर्चाचा निर्णय असतो, आणि तो खर्च सोसण्याचा अधिकार तळाशी काम करणाऱ्या माणसाजवळ नसतो.

गटारांच्या कामात हीच गोष्ट अधिक क्रूर स्वरूपात दिसते. बंद गटारात हायड्रोजन सल्फाइड वायू साचतो. तो अल्प असताना त्याची दुर्गंधी येते. प्रमाण वाढले की घ्राणेंद्रियच बधिर होते आणि वास येत नाही म्हणून वायू नाही, असा भ्रम होतो. पहिला माणूस कोसळतो, त्याला काढण्यासाठी दुसरा उतरतो आणि तोही परत येत नाही. २०१३ च्या कायद्याने गटारांच्या अशा धोकादायक सफाईस बंदी घातली. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली गटारातील मृत्यूबद्दल दहा लाख रुपये भरपाई ठरवून दिली आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये ती तीस लाखांपर्यंत वाढविली. तरीही असे मृत्यू थांबलेले नाहीत. कायदा आहे, यंत्रे आहेत. पण चोंबलेले गटार तासाभरात मोकळे करण्याचा तगादा लागला आणि यंत्र दुसऱ्या भागात असले, म्हणजे माणूस उतरवला जातो.

विजेच्या बाबतीतही नियमांची उणीव नाही. २००३ च्या विद्युत कायद्यान्वये केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने २०१० साली सुरक्षेचे विनियम केले आणि २०२३ साली त्यांची जागा नव्या विनियमांनी घेतली. अपघाताची सूचना देणे, विद्युत निरीक्षकाकडून चौकशी करवणे, कंपनीत सुरक्षा अधिकारी नेमणे, कर्मचाऱ्यास प्रशिक्षण व साधने पुरवणे, या सर्व गोष्टी त्यांत आल्या आहेत. मग उरते काय? उरतो तो संस्थेच्या प्रमुखाचा रोजचा व्यवहार.

प्रत्येक आढावा बैठकीत प्रमुख प्रथम काय विचारतो, हे हाताखालचे लोक अचूक हेरतात. वसुली किती झाली, वाहिनी किती मिनिटे बंद राहिली, तक्रारी किती उरल्या, हेच प्रश्न दर वेळी आले आणि सुरक्षेचा विषय केवळ एखाद्या सप्ताहातील फलकांपुरता राहिला, तर कनिष्ठ अभियंता त्यातून योग्य तो अर्थ काढतो. याउलट उदाहरणही आहे. १९८७ साली अमेरिकेतील अल्कोआ या ॲल्युमिनियम कंपनीची सूत्रे पॉल ओनील यांनी हाती घेतली, तेव्हा भागधारकांपुढील पहिल्याच भाषणात त्यांनी नफ्याऐवजी कामगारांच्या सुरक्षेचा विषय घेतला. श्रोते चकित झाले. पण प्रत्येक इजेची बातमी थेट प्रमुखापर्यंत, कारणासह आणि उपायासह, ताबडतोब पोहोचली पाहिजे, असा दंडक त्यांनी घातला. त्यामुळे खालून वर माहिती वाहू लागली, इजांचे प्रमाण फार घटले आणि कंपनीची आर्थिक स्थितीही सुधारली. धोका कोठे आहे हे ज्या व्यवस्थेत वरपर्यंत कळते, त्या व्यवस्थेत यंत्र कोठे बिघडत आहे हेही कळते.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. ‘आमच्या विभागात वर्षभर एकही अपघात नाही’ या आकड्यास बक्षीस लावले, तर अपघात कमी होतीलच असे नाही. ते सांगणे मात्र निश्चित कमी होईल. म्हणून जाणत्या संस्था अपघातांपेक्षा हुकलेल्या अपघातांची नोंद अधिक काळजीने ठेवतात. चुकीची वाहिनी बंद झाली, पण तपासणीत ते वेळीच लक्षात आले. पट्ट्याची कडी निसटली, पण माणूस सावरला. अशी हकिकत सांगणाऱ्यास शिक्षा होणार नाही ही हमी दिली, तरच ती पुढे येते. ही हमी म्हणजे बेफिकिरीला अभय नव्हे. जाणूनबुजून नियम मोडणारा आणि अपुऱ्या साधनांनिशी काम निभावून नेताना चुकणारा, या दोघांत चौकशीने भेद करावयाचा असतो.

यास्तव कोणत्याही वीज, पाणी वा मलनिःसारण संस्थेची परीक्षा चार प्रश्नांनी करता येईल. काम थांबविण्याचा अधिकार सर्वांत कनिष्ठ माणसाला आहे काय, आणि तो वापरल्याबद्दल त्याला कधी त्रास झाला काय? कंत्राटी कामगाराला कायम कामगाराइतकेच प्रशिक्षण आणि तीच साधने मिळतात काय? वरिष्ठ अधिकारी वर्षातून किती वेळा स्वतः कामाच्या जागी जाऊन परमिट आणि अर्थिंग पाहतात? आणि चौकशीचा अहवाल कामगाराच्या चुकीपाशी थांबतो, की त्या चुकीच्या कारणांपर्यंत जातो?

शेवटी आपणा नागरिकांविषयी. पावसाळ्यात दिवे गेले की पाचव्या मिनिटाला आपण तक्रार केंद्राला दूरध्वनी करतो आणि पंधराव्या मिनिटाला संतापतो. पुरवठा नीट असावा ही अपेक्षा रास्त आहे. पण काम चालू असताना ‘लवकर सुरू करा’ हा आपला तगादा उपकेंद्रातून टोळीपर्यंत पोहोचतो आणि तेथे एखादी पायरी गाळली जाते. आपल्या घरी किंवा दुकानात जनित्र असेल, तर त्याला बाहेरच्या वाहिनीपासून पूर्णपणे वेगळे करणारा चेंजओव्हर स्विच जाणत्या माणसाकडून बसवून घेणे, ही आपली जबाबदारी आहे. आपल्या दिव्यासाठी सुरू केलेल्या यंत्राने दूरच्या खांबावरील अनोळखी माणसाचा जीव जाऊ शकतो.

श्रोतेहो, इंदूरने २०१७ पासून सलग अनेक वर्षे स्वच्छतेत देशात पहिला क्रमांक मिळवला. ज्या शहराच्या सवयी बदलणार नाहीत असे म्हटले जात होते, त्या नेमून दिलेल्या जबाबदाऱ्या, रोजची पाहणी आणि वरिष्ठांचे सातत्य यांनी बदलल्या. कचरा उचलणाऱ्या गाडीची वेळ जितक्या कसोशीने पाळली जाते, तितक्याच कसोशीने खांबावर चढण्यापूर्वीची तपासणी आणि गटार उघडण्यापूर्वीची वायुपरीक्षा पाळली जाऊ लागली, तर या शहराच्या कीर्तीत मोलाची भर पडेल. आणि सकाळी कामावर गेलेला माणूस संध्याकाळी घरी परत येईल.